वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्हचा प्रीॲम्प घरी बांधताना

घरच्या संगीतयंत्रणेसाठी व्हॉल्व्हचा, म्हणजे निर्वात काचनळीचा, प्रीॲम्प्लिफायर (पॉवर ॲम्प्लिफायरच्या आधी सिग्नलची पातळी जुळवणारे यंत्र) स्वतः बांधू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत इतकी साचली, की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. नेमकी ठाणे आणि नवी मुंबईतलीच पत्रे अधिक निघाली. मीही ठाणेकर असल्यामुळे निवडीत पक्षपात झाला असेल तर तो मान्य आहे.

प्रश्न : माझ्याकडे ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प्लिफायर आणि सीडी प्लेअर आहे. मध्ये व्हॉल्व्हचा प्रीॲम्प बसवावा, अशी इच्छा आहे. मला मिळालेल्या आराखड्यात ईसीसी ८३ हा व्हॉल्व्ह असून त्याचा गेन (सिग्नलची वाढ) साठ पट आहे. हाच व्हॉल्व्ह सर्वांत उत्तम, असे मित्र सांगतात. तो घ्यावा का? त्याने आवाजात खरोखर गोडवा येतो का? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : व्हॉल्व्ह उत्तम आहे, पण आपल्या कामाचा नाही. सीडी प्लेअर पूर्ण पातळीवर सुमारे २ व्होल्ट देतो, आणि घरगुती पॉवर ॲम्प्लिफायरला आपली पूर्ण ताकद दाखवायला साधारण एक व्होल्ट पुरतो. म्हणजे आपल्याला सिग्नल वाढवायचा नसून बहुतेक वेळा कमीच करायचा आहे. अशा ठिकाणी साठ पटीचा गेन घातला, तर आवाजाची खुंटी जेमतेम हलवताच शेजारी दार वाजवतील, आणि व्हॉल्व्हचा स्वतःचा खरखराटही तेवढाच मोठा होऊन ऐकू येईल.

आपण ईसीसी ८२ घ्यावा. या नावांमागे युक्ती आहे : ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार), प्रत्येक ‘सी’ म्हणजे एक ट्रायोड (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असलेला वर्धक), आणि ८ हा आकडा नऊ पिनांच्या बैठकीचा. अमेरिकी पद्धतीत ईसीसी ८३ ला १२एएक्स७ आणि ईसीसी ८२ ला १२एयू७ म्हणतात, कारण दोन्हींचे हीटर ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांमध्ये, म्हणजे दोन्ही अर्धे ओळीत, जोडले तर १२.६ व्होल्टवर चालतात. ईसीसी ८३ चा वर्धनांक (व्हॉल्व्हची कमाल वाढ) १०० आहे, तर ईसीसी ८२ चा सतरा ते वीसच्या घरात.

प्रत्येक चॅनेलला एक ईसीसी ८२ द्यावा. पुरवठा २५० व्होल्टचा धरला, तर पहिल्या ट्रायोडच्या प्लेटला ४७ किलोओहम आणि कॅथोडला १.५ किलोओहम लावावेत. कॅथोडच्या रोधाला समांतर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर लावण्याची पद्धत आहे, तो येथे मुद्दाम गाळावा. तो गाळल्यामुळे गेन सुमारे चौदा पटींवरून नऊ-साडेनऊ पटींवर उतरतो आणि विरूपणही (सिग्नलमध्ये होणारी विकृती) घटते. प्लेटवर ११५ ते १३० व्होल्ट आणि कॅथोडवर चारच्या आसपास व्होल्ट दिसले, तर जोडणी बरोबर आहे असे समजावे. दुसरा ट्रायोड कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता पुढे देणारा टप्पा) म्हणून वापरावा : त्याची ग्रिड पहिल्याच्या प्लेटला थेट जोडावी, प्लेट पुरवठ्याला, आणि कॅथोडखाली ४७ किलोओहम. त्यामुळे बाहेर पडताना सिग्नलचा स्रोतरोध पाच-सहाशे ओहमांपर्यंत खाली येतो, आणि पॉवर ॲम्प्लिफायरपर्यंतची केबल दोन-तीन मीटर लांब असली तरी वरचे सूर मरत नाहीत. आउटपुटला २.२ मायक्रोफॅरडचा, किमान ४०० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर, आणि त्यापुढून अर्थकडे (जमिनीच्या जोडणीकडे) एक मेगओहम हवा. प्रवेशाशी १०० किलोओहमचा लॉग पॉट, म्हणजे आवाजाची खुंटी, असावा. नऊ पटही जास्त वाटल्यास पॉटच्या आधी प्रत्येक चॅनेलला १०० किलोओहमचा एक रोध ओळीत टाकावा. सिग्नल निम्मा होईल आणि खुंटीची हालचाल सुखाची होईल.

थेट जोडणीची एक खोड ध्यानात ठेवावी. स्विच लावल्यावर कॅथोड तापेपर्यंत व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहत नाही, म्हणून दुसऱ्या ट्रायोडच्या ग्रिडवर पुरवठ्याचा संपूर्ण व्होल्टेज येतो, आणि त्याचा कॅथोड मात्र शून्यावर असतो. या काही सेकंदांत आतल्या आत ठिणगी पडू शकते. ग्रिडपासून कॅथोडकडे वाहील असा एक साधा डायोड लावला, की धोका टळतो. नेहमीच्या कामात तो उलट्या दाबाखाली असल्यामुळे आवाजात ढवळाढवळ करत नाही. कॅथोड तापताना आउटपुटवरचा व्होल्टेजही चढत जातो, म्हणून प्रीॲम्प आधी चालू करावा आणि पॉवर ॲम्प्लिफायर एका मिनिटाने. बंद करताना क्रम उलटा ठेवावा. नाहीतर स्पीकरला दर वेळी धक्का बसेल.

आता गोडव्याविषयी. ट्रायोडच्या विरूपणात दुसरा स्वरांश, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा सूर, प्रमुख असतो. षड्जाचा दुसरा स्वरांश म्हणजे तार षड्ज, आणि तिसरा म्हणजे तार सप्तकातला पंचम. त्यामुळे ट्रायोडने मिसळलेले आवाज मूळ स्वराशी भांडत नाहीत, हे खरे. पण वर दिलेल्या मांडणीत एक व्होल्टच्या पातळीवर हे प्रमाण इतके थोडे असते, की ‘आवाजाला मध लागला’ असे कोणी सांगितले तर मी त्या कानांवर शंका घेईन. चांगला बांधलेला व्हॉल्व्हचा प्रीॲम्प चांगल्या ट्रान्झिस्टरच्या प्रीॲम्पसारखाच स्वच्छ वाजतो. तो बांधण्यातला आनंद मात्र वेगळा आहे, आणि माझ्या मते तेवढे कारण पुरेसे आहे.

प्रश्न : सुटे भाग कोठे घ्यावेत? २०० व्होल्ट आणि हीटरची वेगळी गुंडाळी असलेला ट्रान्सफॉर्मर कोणी एकच नग गुंडाळून देत नाही. जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह चालतील का? (नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : रोध, कंडेन्सर, सॉकेट, टॅगबोर्ड आणि तयार ट्रान्सफॉर्मर यांसाठी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला आजही पर्याय नाही. आपल्याला कुर्ल्याला आणि दादरला गाडी बदलत ग्रँट रोड गाठावे लागेल; रविवारी मात्र जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात. व्हॉल्व्ह नवेच घ्यावेत. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे त्यांचे उत्पादन अजून चालू आहे. जुन्या घरगुती रेडिओत सहसा ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० अशी मंडळी भेटतात. ईसीसी ८२ च्या आशेने चोरबाजारातला चालता रेडिओ फोडणे म्हणजे रेडिओही गेला आणि व्हॉल्व्हही मिळाला नाही, अशी गत होईल. जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तर फुकट मिळाले तरी घेऊ नयेत.

ट्रान्सफॉर्मरची अडचण सोपी आहे, कारण प्रीॲम्पला लागणारी वीज अगदी थोडी असते. दोन्ही चॅनेल मिळून उच्च दाबाचा प्रवाह सुमारे ११ मिलिअँपिअर, आणि दोन व्हॉल्व्हच्या हीटरना १२.६ व्होल्टवर मिळून ३०० मिलिअँपिअर. म्हणून कोणत्याही दुकानात मिळणारे १२ व्होल्टचे दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडावेत. पहिला २ अँपिअरचा : तो २३० चे १२ व्होल्ट करील, आणि तेथूनच हीटरही पेटतील. दुसरा १ अँपिअरचा, उलटा जोडलेला : त्याच्या १२ व्होल्टच्या बाजूला पहिल्याचे १२ व्होल्ट दिले, की २३० च्या बाजूवर उच्च दाब मिळेल. तो २३० भरणार नाही, १९० ते २१० च्या दरम्यान राहील, कारण लहान ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीत तूट भरून काढण्यासाठी काही वेढे जास्त घातलेले असतात, आणि ते उलट्या दिशेने आपल्या विरोधात जातात. आपल्याला नेमके तेवढेच हवे आहे. २०० व्होल्ट १एन४००७ च्या चार डायोडांच्या, एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिजमधून नेल्यास पहिल्या ४७ मायक्रोफॅरडवर सुमारे २८० व्होल्ट डीसी मिळतात.

या पहिल्या कंडेन्सरवर ११ मिलिअँपिअरच्या भाराला सव्वादोन व्होल्टची लहर (डीसीवरचा चढउतार) उरते. ती घालवण्यासाठी २.२ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड यांचा एक टप्पा द्यावा, म्हणजे लहर १७ मिलिव्होल्टच्या आसपास येते. त्यानंतर प्रत्येक चॅनेलला वेगळा २.२ किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड दिला, की ती पाव मिलिव्होल्ट उरते. रोधांवरची तूट वजा जाता हातात २४५ व्होल्ट पडतात. सर्व कंडेन्सर ४०० व्होल्टचे किंवा त्याहून अधिकचे असावेत. आपल्याकडे रात्री वीजदाब २४० पर्यंत चढणे नवलाचे नाही, आणि व्हॉल्व्ह थंड असताना पुरवठ्यावर भारही नसतो. प्राथमिक बाजूला २५० मिलिअँपिअरचा मंद फ्यूज विसरू नये.

खर्च वाचवण्यासाठी ट्रान्सफॉर्मरच गाळून २३० व्होल्ट थेट डायोडला द्यावेत, असा सल्ला देणारे महाभाग भेटतात. त्यांच्या यंत्राला हात लावू नये, आणि शक्य असल्यास त्यांच्या घरी चहालाही जाऊ नये.

प्रश्न : आमच्या नव्या सदनिकेत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे. त्यामुळे २५० व्होल्टवर काम करताना धक्क्याची भीती नाही, असे समजावे का? (खारघर, नवी मुंबई)

उत्तर : तसे मुळीच समजू नये. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या प्रवाहांची तुलना करतो, आणि काही प्रवाह तिसऱ्याच वाटेने अर्थकडे निसटला तर वीज तोडतो. आपल्या यंत्रातला उच्च दाब ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला जन्मतो. एक बोट प्लेटवर आणि दुसरा हात चॅसीवर (धातूच्या सांगाड्यावर) पडला, तर प्रवाह शरीरातून जाऊन त्याच दुय्यम गुंडाळीकडे परततो. फेज आणि न्यूट्रल यांचा हिशेब जुळलेलाच राहतो, आणि आरसीसीबीला काहीही कळत नाही. प्राथमिक वायर सुटून चॅसीला लागली किंवा तिला हात लागला, तरच तो आपल्या मदतीला येईल; चॅसी तीन पिनांच्या प्लगमधून नीट अर्थ केलेली असेल तर तत्काळ, नाहीतर कोणाच्या अंगातून प्रवाह गेल्यावरच.

दुसरा धोका बंद यंत्राचा आहे. वरच्या पुरवठ्यात एकूण सुमारे २४० मायक्रोफॅरड आहेत, आणि व्हॉल्व्ह काढून ठेवलेले असतील तर ते रिकामे करणारे कोणी नसते. काही वर्षांपूर्वी मी स्विच बंद करून, वायर भिंतीतून काढून, वर चहा पिऊन आल्यावर एका पुरवठ्याला हात लावला आणि स्टुलावरून खाली बसलो. त्यात निचऱ्याचा (कंडेन्सर रिकामे करणारा) रोध घालायचे माझ्याकडूनच राहून गेले होते. म्हणून पहिल्या कंडेन्सरला समांतर १८० किलोओहम आणि त्याखाली ४७ किलोओहम असे दोन रोध कायमचे जोडावेत. २८० व्होल्ट दहापर्यंत उतरायला त्यातून तीन मिनिटे लागतात. तीन मिनिटे थांबावे, आणि तरीही हात लावण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजावे. चालू यंत्रात मोजताना डावा हात खिशात ठेवण्याची जुनी शिस्त आजही तितकीच खरी आहे.

प्रश्न : प्रीॲम्प बांधून झाला, वाजतोही छान, पण गाणे थांबले, की मागे घरघर ऐकू येते. ओळखीच्या एका गृहस्थांनी अर्थची पिन कापण्यास सांगितले, आणि खरोखर आवाज कमी झाला. हे बरोबर आहे का? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : प्रथम ती पिन परत जोडावी, मग पुढचे वाचावे. आवाज कमी झाला यावरून रोगाचे निदान मात्र झाले, ते पुढे येईल.

घरघर दोन प्रकारची असते, आणि ती वेगळी ओळखता आली की अर्धे काम होते. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ब्रिजमधून गेल्यावर तिच्या लहरी १०० हर्ट्झच्या होतात. खोल, गोलसर हुंकार ५० हर्ट्झचा. त्याहून एक सप्तक वरचा, किंचित खरखरीत आवाज १०० हर्ट्झचा. कानाला खात्री नसेल तर मोबाइलवरचे स्पेक्ट्रम दाखवणारे कोणतेही ॲप स्पीकरपुढे धरावे.

१०० हर्ट्झ असेल तर दोष गाळणीत (लहर घालवणाऱ्या रोध-कंडेन्सरांच्या टप्प्यांत) किंवा अर्थच्या तारेत आहे. नवशिके बहुतेक वेळा गाळणीवर संशय घेऊन कंडेन्सर वाढवत बसतात, आणि घरघर जागची हलत नाही. कारण असे, की पहिला कंडेन्सर दर सेकंदाला शंभर वेळा क्षणिक पण मोठ्या झोतांनी भरतो, आणि तो झोत परत जाण्याची वाट जर सिग्नलच्या अर्थ तारेतून गेली, तर त्या तारेच्या अल्पशा रोधावर पडणारा व्होल्टेज व्हॉल्व्ह इमानेइतबारे वाढवून देतो. ब्रिजचे ऋण टोक आणि पहिल्या कंडेन्सरचे ऋण टोक एकमेकांना जाड, आखूड तारेने जोडावे. तेथून एकच तार पुढच्या कंडेन्सरकडे, तेथून पुढच्या टप्प्याकडे, अशी ओळ धरावी, आणि चॅसीशी जोड फक्त प्रवेशाच्या सॉकेटजवळ एकाच ठिकाणी द्यावा.

५० हर्ट्झ असेल तर हीटर, ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थचे वेटोळे यांपैकी एक. आवाजाची खुंटी शून्यावर आणूनही हुंकार तसाच राहिला, तर तो पॉटच्या पुढे शिरत आहे. हीटरच्या तारा घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून न्याव्यात. १२ व्होल्टच्या दोन टोकांपासून प्रत्येकी २२० ओहम घेऊन त्यांचा मध्य काढावा, आणि तो अर्थला न जोडता मागील उत्तरातल्या १८० आणि ४७ किलोओहमांच्या सांध्याला जोडावा. खालच्या रोधाला समांतर एक कंडेन्सर द्यावा. हीटर त्यामुळे सुमारे ५८ व्होल्ट वर उचलला जातो. याचे दोन फायदे आहेत. हीटरमधून कॅथोडकडे इलेक्ट्रॉन जाणे बंद होते, आणि १२५ व्होल्टवर बसलेल्या कॅथोड फॉलोअरचा हीटरशी असलेला ताण जवळजवळ निम्मा होतो. ईसीसी ८२ ची ही मर्यादा १८० व्होल्टची आहे, पण सीमेपासून दूर राहिलेले बरे. ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हपासून शक्य तेवढा लांब ठेवून हातात धरून फिरवून पाहावा (तारा पुरेशा लांब आणि झाकलेल्या असतील तरच). एका विशिष्ट कोनात हुंकार एकदम पडतो, तेथेच त्याला स्क्रूने बसवावे.

आता पिन कापल्यावर कमी झालेला आवाज. याचा अर्थ प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प्लिफायर दोन्ही भिंतीतून अर्थ झालेले आहेत, शिवाय सिग्नल केबलच्या जाळीनेही जोडलेले आहेत, आणि या वेटोळ्यात प्रवाह फिरतो आहे. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स त्याच यंत्रणेत असेल तर त्याची डिश किंवा केबलची तार आधी काढून पाहावी. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात. उरल्यास दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून चालवावीत, आणि प्रीॲम्पमध्ये सिग्नलचा अर्थ चॅसीला थेट न जोडता दहा ओहमांच्या रोधातून जोडावा. चॅसी मात्र भिंतीच्या अर्थला थेटच राहील. पिन कापून घरघर जाते, पण उद्या आत एक वायर सुटली तर संपूर्ण पेटीवर २३० व्होल्ट उभे राहतील, आणि पेटीला हात लावणारा कदाचित घरातला लहान मुलगा असेल.

प्रश्न : आजोबांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या तबकड्या आहेत, काही एलपी आणि काही ७८ च्या, बालगंधर्वांच्या आवाजातल्या. हाच प्रीॲम्प रेकॉर्ड प्लेअरला चालेल का? (तलावपाळी, ठाणे)

उत्तर : प्लेअरच्या पिकअपवर (सुईच्या थरथरीचा सिग्नल करणाऱ्या भागावर) ते अवलंबून आहे. जुन्या घरगुती प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक पिकअप असते. ते काही शे मिलिव्होल्ट देते आणि त्याला केवळ एक मेगओहमच्या आसपासचा प्रवेशरोध लागतो, म्हणजे थोड्या बदलाने हाच प्रीॲम्प पुरतो. चुंबकीय पिकअप असेल तर ते पाचएक मिलिव्होल्टच देते. मग १ किलोहर्ट्झला शंभर पटींचा गेन, ४७ किलोओहमचा प्रवेशरोध आणि १९५४ साली ठरलेली आरआयएए समकरणाची वक्ररेषा (तबकडीत दाबलेले खालचे सूर उचलणारी आणि चढवलेले वरचे सूर उतरवणारी), हे सर्व लागते. तिचे कालांक ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद आहेत. सुरुवातीला नाकारलेला ईसीसी ८३ येथे मानाने आणावा. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी, की ही वक्ररेषा ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सात पट उचलते. लाइन प्रीॲम्पमध्ये कानाआड झालेला हुंकार येथे खोलीभर घुमेल. म्हणून हीटरना गाळलेला डीसी द्यावा, आणि वीजपुरवठा वेगळ्या पेटीत ठेवावा. हे दुसरे यंत्र म्हणून हाती घ्यावे, पहिले म्हणून नव्हे.

७८ च्या तबकड्या आरआयएएच्या आधीच्या आहेत, आणि त्यांची खाचही रुंद असते. त्यांना ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीला २५ मायक्रॉनची. एलपीची सुई ७८ वर चालवली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर वाचते. उलट चूक केली तर एलपी खराब होते.

प्रश्न : वर्षभर उत्तम चाललेला प्रीॲम्प जूनपासून मधूनच कुरकुरतो, आणि ऑक्टोबरात आपोआप सुधारतो. व्हॉल्व्ह बदलला, फरक पडला नाही. (वाशी, नवी मुंबई)

उत्तर : व्हॉल्व्ह निर्दोष आहे, सॉकेट पाहावा. ईसीसी ८२ ची १ क्रमांकाची पिन प्लेटची आणि २ क्रमांकाची ग्रिडची. ६ आणि ७ चेही तसेच. म्हणजे १२० व्होल्ट आणि अत्यंत नाजूक ग्रिड यांच्यामध्ये सॉकेटचे दोन-तीन मिलिमीटर अंतर आहे. डाग देताना डबीतली सोल्डरिंग पेस्ट वापरली असेल, तर तिचा उरलेला थर खाडीवरची दमट हवा शोषून घेतो. त्या थराचा रोध १०० मेगओहमपर्यंत जरी उतरला आणि ग्रिडचा रोध एक मेगओहम असला, तरी ग्रिडवर १.२ व्होल्ट चढतात. ज्या व्हॉल्व्हचा बायस (कॅथोड आणि ग्रिड यांतला व्होल्टेज) चार व्होल्टचा आहे, त्याला हे खूप झाले, आणि ही गळती स्थिर नसल्यामुळे तिची कुरकुर होते. यंत्र बंद करून, कंडेन्सर रिकामे झाल्याचे मोजून, सॉकेट दोन्ही बाजूंनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशने घासावा, आणि एक दिवस वाळू द्यावा. व्हॉल्व्हच्या पिनाही पुसून तीन-चार वेळा आत-बाहेर कराव्यात. धुण्यापूर्वी आणि नंतर कॅथोडवरचा व्होल्टेज वहीत लिहून ठेवावा. आधी तो चारपेक्षा बराच चढलेला आणि डळमळता, आणि नंतर चारवर स्थिर दिसला, तर रोग हाच होता. तरीही फरक न पडल्यास बेकेलाइटचा सॉकेट काढून सिरॅमिकचा बसवावा, आणि या वेळी पेस्ट न लावता रोझिनची सोल्डर वापरावी.